तायडीला गप्प बसवलंस

तुला उठवत नाही. उठवलं तर पोरांसमोर तोंडाला येईल ते बोलेन, म्हणून ही चिठ्ठी.

काल समुद्रावरून भात टाकायला मी खोलीवर आले, तेव्हा दोन्ही पोरं तुझ्यावर सोपवली होती. तू वाळूत लोळून मोबाइल बघत बसलास आणि धाकटा लाटेत ओढला गेला. जाळं आवरणाऱ्या बाईने दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. मला मात्र तू म्हणालास, "जरासा भिजला, बाकी काही नाही."

खरं काय ते आज पहाटे तायडीने सांगितलं, उशीत तोंड खुपसून. "आईला सांगितलंस तर परत कधी समुद्रावर नेणार नाही, असं बाबा म्हणाले." एवढीशी पोर रात्रभर ते पोटात ठेवून जागी होती.

स्वस्तात सहल करायची म्हणून ही कोंदट खोली, चौघांत एक गादी, सगळं मी हसत चालवून घेतलं. तुझं लक्ष नव्हतं, तेही एक वेळ गिळलं असतं. पण पोरीला धमकावलंस, ते गिळवत नाही.

पहिल्या बसने पोरांना घेऊन माझ्या आईकडे जाते. भात झाकून ठेवलाय. किल्ली मालकीणकाकूंकडे दे. त्या जाळंवाल्या बाईचे पाय मी धरून आले, आता तू जा.

फोन करू नकोस. येशील तेव्हा आधी तायडीला जवळ घे आणि तिने सांगितलं ते बरोबर केलं, असं तुझ्या तोंडाने सांग. तिच्यामुळे सुट्टी मोडली, असं तिला वाटतंय.