गुरुवारचं अंडं

॥ श्री ॥
राइट टाउन, जबलपूर
६ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

बेबीचा सा. न. वि. वि. तुझं पत्र परवा पोचलं. डायलिसिसच्या खुर्चीत बसून एका हाताने लिहिलेलं, तरी ओळ वाकडी नाही. मामाला सरळ व्हिडिओ कॉल काहून नाही करून राहिली, असं सलोनी मला रोज विचारते. मामाचे कान तोफांच्या कारखान्यानं ठेवून घेतलेत आणि बोटं साखरेनं बधिर केलीत, हे तिला किती वेळा सांगू? पेन धरता येतं तोवर मामा लिहील आणि तुझी आई वाचेल, असं सांगून टाकलं.

मुद्द्याचं आधीच लिहिते, नाहीतर तू शेवटच्या पानावर उडी मारशील. काटा हलला नाही. अठ्ठ्याऐंशी म्हणजे अठ्ठ्याऐंशी. ऑपरेशनच्या वेळी मी एकशे बारा होते. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली आणि दिवाळीपर्यंत मी भराभर उतरत गेले. शाळेतल्या सगळ्या बाई मला रस्त्यात थांबवून रहस्य विचारायच्या. आता तेच लोक, अरे दीदी, रुक गया क्या, म्हणून विचारतात. मी हसते. त्यांना काय माहीत, मी बारीक दिसायला पोट कापून घेतलं नाही. माझी एक किडनी तुला द्यायची आहे. रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं, आणि तुझ्या नागपूरच्या डॉक्टरांनी एक रेघ ओढून दिली, चौऱ्याऐंशीच्या खाली आल्याशिवाय तुम्हाला टेबलावर घेणार नाही. त्या चार किलोंपाशी माझं घोडं अडलंय.

आहार सांगणाऱ्या मेघना मॅडम म्हणतात, वजन असं मध्येच अडतं त्याला प्लॅटो म्हणतात, सगळ्यांना येतो, घाबरू नका. पण इतका लांबलेला त्यांनीही पाहिला नाही. त्या मला शंभरदा विचारतात, नक्की काय खाता? मी सांगितलेलं सगळं करते. चालायला जाते, पाणी घोट घोट पिते. केस मात्र मूठ मूठ जातायत.

वहिनींना सांग, कार्तिकी पौर्णिमेला ग्वारीघाटावर त्यांच्या सांगण्यावरून जो संकल्प केला, तो नीट पाळते आहे. तुला किडनी बसेपर्यंत सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, एकही उपवास चुकवलेला नाही. नर्मदामाई बघून घेईल.

लोभ वाढू दे. वाढलेलं चालेल असं माझ्याकडे आता तेवढंच उरलंय.

तुझी,
बेबी

॥ श्री ॥
नागपूर
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. बेबीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. तू चार किलोंसाठी रडतेस आणि इकडे मी आठवड्यातून तीनदा खुर्चीत बसून अडीच-अडीच किलो उतरवून येतो. नुसतं पाणी. दोन दिवसांत परत भरतं. त्यातलं थोडं उतरवणं तुझ्या नावावर करता आलं असतं तर आपण दोघे कधीच मोकळे झालो असतो.

डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पिण्याच्या पाण्याचं माप तसंच आहे. शरयू ते मोजून देते आणि मी प्यायला लागलो की तोंड फिरवते. डॉक्टरांनी प्रोटीनसाठी अंड्याचा पांढरा भाग खा म्हणून सांगितलं, तर तिने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं की या घरात अंडं शिजणार नाही, तुम्हाला पनीर देते. पनीर मला चालत नाही. तीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये मी रोज ऑम्लेट खाल्लं, हे तिला अजून माहीत नाही. तूही सांगू नकोस.

आता ऐक. कारखान्यात मशीन अडलं की आम्ही शिव्या द्यायच्या आधी त्याच्या तोंडाशी जाऊन बघायचो, आत काय जातंय. मेघना मॅडमना जे सांगतेस ते मला नको. दिवसभरात तोंडात काय जातं ते जसंच्या तसं लिही. लाजू नकोस. लहानपणी देवघरातले पेढे कोण खायचं ते मला ठाऊक आहे.

शरयूचा नमस्कार. तिला तुझ्या उपवासांचा फार आधार वाटतो.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
राइट टाउन, जबलपूर
३ मार्च २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. पेढे तू खायचास आणि नाव माझं घ्यायचास, हे आधी नोंदवते.

विचारलंस म्हणून लिहिते. सकाळी मूग किंवा दही, दुपारी वरण, थोडी भाजी, अर्धी पोळी. पोळीचा तुकडा छातीत अडकतो. चावून चावून जबडा दुखतो आणि तरी कधी कधी सगळं उलटून पडतं. रात्री पनीर किंवा डाळीचं धिरडं, तेही वाटीभर. एवढ्यावर कुणाचं वजन थांबेल का, तूच सांग.

उपवासाचे दिवस यात धरलेले नाहीत, कारण त्या दिवशी खाणं असं नसतंच. वाटीभर साबुदाण्याची खिचडी, मग चार वाजता शिंगाड्याचा शिरा, शाळेत पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू. चक्कर येऊ नये म्हणून खजूर. रात्री भगर आणि बटाट्याची भाजी. देवाची कृपा बघ, पोळी जी अडकते ती अडकतेच, पण खिचडी आणि शिरा कसा सुळकन उतरतो. एकदाही उलटी नाही. मेघना मॅडमना उपवासाचं काही बोलले नाही. उपवास करायचा नाही म्हणून त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, आणि नाहीतरी त्यात सांगण्यासारखं खाणं ते काय!

शिवरात्रीला ग्वारीघाटावर गेले होते. पायरीवर बसले आणि मला रडू आलं. बाजूच्या बाईने पाणी दिलं. दादा, मला भीती वाटते. मी पोट कापून घेऊनही तुझ्यापर्यंत पोचले नाही तर? आई गेल्यावर मला बेबी म्हणणारा तू एकटाच राहिलास. वहिनी बेबीताई म्हणतात, ते वेगळं.

मी आता गुरुवारी दुपारचाही फराळ सोडायचा विचार करते आहे. तुझी तब्येत खरी कशी आहे ते लिही. लोभ आहेच, त्याच्या जोडीला जरा खरंही असू दे.

तुझी,
बेबी

॥ श्री ॥
नागपूर
१२ मार्च २०२५

चि. सौ. बेबीस,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा मला हसू आलं नाही.

एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आई आपल्या दोघांना म्हणायची. तू शिकवतेस शाळेत आणि तुला हे दिसलं नाही? साबुदाणा, शिंगाडा, बटाटा, गूळ, खजूर. माझ्या साखरेसाठी हे सगळं डॉक्टरांनी पहिल्या दिवशी बंद केलं. पोळी अडकते म्हणून तुझं नवं पोट तुला थांबवतं. खिचडी सुळकन उतरते म्हणजे ते पोट तिला थांबवतच नाही. मी इथल्या आहाराच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा ऑपरेशननंतर माणसं नेमकी इथेच फसतात. आणि एक बघ. तू दिवाळीपर्यंत उतरत होतीस. संकल्प केलास कार्तिकी पौर्णिमेला. काटा अडकला तोही तेव्हाच.

संकल्प मोड. मी तुझा मोठा भाऊ आहे, पाप मला लागू दे. मेघना मॅडमकडे जा आणि सगळं सांग. शरयूला मात्र बोल लावू नकोस. तिच्या हातात दुसरं काही नव्हतं गं.

खरं विचारलंस, ते असं. मागच्या आठवड्यात खुर्चीतच माझी शुद्ध गेली. डॉक्टर म्हणतात, हृदय थकत चाललंय. पावसाळ्याच्या आत बसली तर किडनी बसेल, नंतर भूल सोसेल याची खात्री ते देत नाहीत.

तर आपण करार करू. डायलिसिस सेंटरसमोर टपरीवर उकडलेली अंडी मिळतात. दर गुरुवारी मी इथे एक खाईन, तू तिथे एक खा. उपवासाच्याच दिवशी. तुला किळस आली तर माझं नाव घे आणि गीळ.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
राइट टाउन, जबलपूर
१७ एप्रिल २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. मेघना मॅडमनी जे सुनावलं ते मी कधी विसरणार नाही. पाच महिने, म्हणाल्या, पाच महिने आपण दोघी आंधळ्यासारख्या चाललो. मी मान खाली घालून ऐकलं.

ग्वारीघाटावर जाऊन मी माईची माफी मागितली. घरी आले तर ह्यांनी अंडं उकडून, सोलून, वर मीठ-मिरं घालून ठेवलं होतं. डोळे मिटून खाल्लं. सलोनी टाळ्या पिटत होती, चलो, मम्मी ने कर दिखाया. नंतर मी देवघराकडे बघू शकले नाही.

पण दादा, काटा हलला! साडेशहाऐंशी. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मॅडम म्हणतात, असंच चाललं तर जूनमध्ये रेघेखाली. तू फक्त तोवर तग धर.

वहिनींना एवढ्यात सांगू नकोस, पाया पडते. लोभ तर तू करशीलच, पण या वेळी थोडी घाईही कर.

तुझी,
बेबी

॥ श्री ॥
नागपूर
८ मे २०२५

चि. सौ. बेबीस,

आशीर्वाद. आज अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. आज गुरुवार, अंडं खाल्लं.

शरयूला मी सांगितलं. लपवणं मला जमेना. तुझा संकल्प मीच मोडायला लावला, म्हणालो. ती चार दिवस बोलली नाही, मग पाणी मोजून द्यायला आली. तुझ्यावर रागावली आहे, माझ्यावर रागावता येत नाही म्हणून. निवळेल.

डॉक्टरांनी तुला जूनच्या मध्यावर तपासण्यांना बोलावलंय. येताना खोव्याची जलेबी आणू नकोस. बघून त्रास होईल. ऑपरेशननंतर आण, दोघे मिळून एक खाऊ. तुझ्या केळ्याएवढ्या पोटात अर्धी मावेल ना?

तुझा,
दादा

नागपूर
१८ जून २०२५

सौ. बेबीताईंस,

नमस्कार. वर श्री घातलेला नाही. अजून हात होत नाही.

तेराव्यापर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही, हे तुम्हाला कळलं असेल. पंगतीत तुम्ही वाढत होतात, आणि मला वाटत होतं की नर्मदेला दिलेला शब्द मोडून ही बाई माझ्या घरात उभी तरी कशी राहते. ह्यांना पत्रं लिहायचात त्या पत्त्यावर आता मीच आहे, म्हणून मनातलं लिहून टाकते.

शेवटच्या दिवशी ते खुर्चीतून घरी आले, पाणी मागितलं. माप संपलं होतं. मी नाही म्हटलं. उद्या दे, म्हणाले आणि आडवे झाले. तासाभराने हाक मारली तर ओ नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. ते एक भांडं पाणी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मला एकच विचारायचं आहे. तुम्ही उपवास चालू ठेवले असते तर ते राहिले असते का? बाकीचे सगळे माझी समजूत घालतात. तुम्ही घालू नका. जे खरं वाटतं ते लिहा.

शरयू

राइट टाउन, जबलपूर
२६ जून २०२५

ती. वहिनींस,

बेबीचा नमस्कार. मीही वर काही घातलं नाही.

काल मेघना मॅडमकडे गेले. तारीख आधीची ठरलेली होती, ती मोडायचं सुचलं नाही. काट्यावर उभी राहिले. साडेत्र्याऐंशी. मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. बाहेरच्या दोन बायकाही आत येऊन टाळ्या वाजवू लागल्या. त्यांना कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. मी काट्यावरून उतरले, चपला घातल्या, थँक यू म्हणाले आणि ऑटोत बसले.

तुम्ही खरं विचारलंत. समजूत घालण्यासारखं काही असतं तर मी तेच लिहिलं असतं. वहिनी, उपवास मोडल्यामुळे दादा गेला नाही. ते उपवास केले नसते, तर मी माघातच रेघेखाली आले असते आणि होळीपर्यंत माझी किडनी त्याला बसली असती. तो वाचलाच असता असं नाही, पण टेबलापर्यंत पोचला असता. तुम्ही सांगितलंत आणि मी केले. आपण दोघींनी त्याच्यावर जीव लावून केले. दादाला हे मार्चमध्ये कळलं होतं. त्याने मला लिहिलं, शरयूला बोल लावू नकोस. मी आजही लावत नाही. लावायचा तर आधी मला लागतो, डॉक्टरांपासून मी लपवलं.

त्या पाण्याचं मनावर घेऊ नका. माप तुम्ही केलेलं नव्हतं. तुम्ही ते त्याच्यासाठी पाळलंत, तो उद्या दे म्हणाला, म्हणजे रागावला नव्हता.

आज गुरुवार आहे. अंडं उकडून पुढ्यात ठेवलंय. दादाचा आणि माझा करार होता, त्याने तिकडे खायचं, मी इकडे. त्याचं नाव घेते आणि गिळते. वजन आता कशासाठी उतरवायचं ते मला माहीत नाही, पण करार त्याने मोडला नव्हता, मी कसा मोडू?

हे वाचून तुमचा लोभ उरला नाही तर राग असू द्या. पण काहीतरी असू द्या. बेबी म्हणणारं कुणी राहिलं नाही, निदान बेबीताई तरी म्हणत जा.

तुमची,
बेबी