सांख्यिकी भाग दोन, ऐच्छिक

१० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून डिक्टेशन बंद. कायमचं.

'क्रिएटिव्ह टीचिंग'चं पाच दिवसांचं ट्रेनिंग शनिवारी संपलं. इंदूरहून आलेल्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्या प्राध्यापकांना गोल उभं केलं आणि चेंडू फेकायला लावला. ज्याच्या हातात चेंडू येईल त्याने स्वतःबद्दल एक गमतीची गोष्ट सांगायची. मी मध्यमान म्हणजे सरासरी आणि मध्यक म्हणजे मधोमधचा आकडा, यांतल्या फरकाची गोष्ट सांगितली. ट्रेनर म्हणाला, सर, ये तो अलग ही लेवल है. बाकी कोणाला तो असं म्हणाला नाही.

तेवीस वर्षं सांख्यिकी शिकवतो आहे. आपल्यात एवढी क्रिएटिव्हिटी आहे हे आजवर कोणी कसं सांगितलं नाही, असं घरी म्हणालो. मंगला म्हणाली, मी वेगळ्या शब्दांत सांगत आले आहे. भोपाळच्या वल्लभ भवनात, म्हणजे मंत्रालयात, सेक्शन ऑफिसर असलेल्या बायकोला प्रत्येक गोष्टीवर शेरा मारल्याशिवाय करमत नाही.

संकल्प: जुन्या नोट्स माळ्यावर. वर्गात खुर्चीवर बसायचं नाही. 'चुप बैठो' म्हणायचं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खुर्चीवर बसलो. गुडघा. 'चुप बैठो' दोनदाच म्हणालो, तेही हसत.

प्राचार्य मॅडमनी बोलावलं होतं. सांख्यिकीचा पहिला भाग सक्तीचा आहे, दुसरा जानेवारीपासून ऐच्छिक होतो आहे. मुलांनी पोर्टलवर निवडायचं: एक तर सांख्यिकी भाग दोन, म्हणजे मी, नाहीतर डिजिटल मार्केटिंग, म्हणजे क्षितिजा मॅडम. मुदत बारा डिसेंबर. वीसपेक्षा कमी मुलं आली तर माझा पेपर बंद.

आणि मी? मॅडम म्हणाल्या, मोहरील सर, आपके लिए ॲडमिशन सेल है ना, आपकी आवाज़ अच्छी है. ॲडमिशन सेल म्हणजे तळमजल्यावर बसून विदिशा-सीहोरच्या बारावीतल्या मुलांना दिवसभर फोन करायचे. भूगोलाच्या तिवारी सरांना मागच्या वर्षी तिथे पाठवलं. परवा कॅन्टीनमध्ये भेटले, तर चहावाल्यालाच विचारत होते, बेटा, ट्वेल्थ के बाद क्या सोचा है.

मला काळजी नाही. क्षितिजा मॅडमना येऊन जेमतेम दोन वर्षं झाली आहेत. माझ्याकडे अनुभव होताच, आता क्रिएटिव्हिटीही आहे. चाळीस तरी येतील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रयोग पहिला: 'नमुना निवड'. सोनागिरीच्या चौकातून दोन किलो जलेबी घेऊन स्कूटरवरून कॉलेजात. पाकाने डिकी खराब, पण शिक्षणासाठी एवढं चालायचंच. कल्पना अशी की संपूर्ण परात म्हणजे समष्टी, आणि त्यातली एक जलेबी म्हणजे नमुना. एक चाखायची आणि परातीबद्दल अनुमान करायचं.

मुलांनी नमुना खाल्ला. मग समष्टीही खाल्ली. मी फळ्यावर व्याख्या लिहून वळेपर्यंत परात स्वच्छ. उमैर म्हणाला, सर, एकदम सही समझ में आया, पोहे भी होते तो और क्लियर होता.

उपस्थिती मात्र शंभर टक्के! दुसऱ्या सेक्शनचीही मुलं होती, म्हणजे शंभरच्याही वर. मुलांना विषयाची भूक आहे, हे आज कळलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वर्गात पाच जण. त्यांतल्या दोघांनी दारातूनच माझ्या हाताकडे पाहिलं आणि परत गेले.

एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, हे सांख्यिकीचं मूलतत्त्व आहे. कालचा दिवस धरायचा, आजचा सोडून द्यायचा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रयोग दुसरा: फ्लिप्ड क्लासरूम. मुलांनी व्याख्यान घरी व्हिडिओवर पाहायचं आणि वर्गात येऊन गणितं सोडवायची. काल संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी रेकॉर्डिंग केलं. चाळीस मिनिटं, एका दमात. फक्त कुकरच्या शिट्ट्या आल्या. आणि विसाव्या मिनिटाला मंगलाचा आवाज, 'अहो, किती वेळ तेच तेच सांगताय, समजलं असेल आता त्यांना.' एडिटिंग येत नाही, म्हणून तसंच अपलोड केलं.

आज वर्गात कोणीच नाही. पहिल्यांदा जरा वाईट वाटलं. मग लक्षात आलं, फ्लिप यशस्वी झालं आहे. मुलं घरी बसून शिकत आहेत! नंतर प्रतीक जिन्यात भेटला, त्याने सांगितलं की सर, आपने ही तो कहा था घर पे देखना है, तो हम लोग आए नहीं. मुलगा आज्ञाधारक आहे.

व्ह्यूज अकरा. नऊ माझे, व्ह्यूज किती झाले ते पाहायला गेलो तेव्हाचे. खाली एक कमेंट: आंटी सही बोल रही हैं. मंगलाने ती ऑफिसात सगळ्यांना दाखवली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज 'सदोष नमुना' शिकवला. उदाहरण माझं स्वतःचं. बिट्टन मार्केटच्या हाटात भाजी घ्यायला आलेल्यांनाच विचारलं की तुम्ही हाटात येता का, तर शंभर टक्के लोक 'हो' म्हणतील. म्हणजे भोपाळ शहरातले सगळे लोक हाटात जातात का? नाही! जे आलेच नाहीत त्यांना कोण विचारणार? चौघं हजर होते, चौघांनाही पटलं.

तास संपल्यावर त्याच चौघांना फीडबॅक विचारला. मोहरील सरांचा वर्ग आवडतो का? चौघंही 'हो' म्हणाले. शंभर टक्के समाधानी! स्टाफरूममध्ये मोठ्याने सांगितलं. क्षितिजा मॅडम म्हणाल्या, व्वा सर, माझे तर सत्तरच येतात. मी धीर दिला. म्हटलं, अनुभवाने वाढतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

प्रयोग तिसरा: रोल प्ले. इथे मला शिकवायची कोणाची छाती आहे? मंडळाच्या गणपतीत गेली पंधरा वर्षं मी नाटकात काम करतो आहे. प्रतीकला मध्यमान केलं आणि वर्गाच्या मधोमध उभं केलं. उमैर बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा. सोनल रघुवंशी म्हणून मागच्या बाकावर एक अबोल मुलगी बसते, तिला मध्यक केलं. ती म्हणाली, सर, मुझे करना क्या है? मी म्हटलं, काही नाही, मध्ये उभं राहायचं. उभी राहिली.

प्रमाण विचलन मी स्वतः. मध्यमानापासून दूर दूर जायचं, लांब ढांगा टाकत, हात पसरून, 'मैं भटक रहा हूँ, मैं भटक रहा हूँ' असं म्हणत. भूमिकेत इतका शिरलो की दारातून कॉरिडॉरमध्ये आणि तिथून क्षितिजा मॅडमच्या वर्गात कधी गेलो ते कळलं नाही. टाळ्यांचा कडकडाट. एक साठ मुलांचा भरलेला वर्ग माझ्यासाठी टाळ्या वाजवत होता! मॅडमनी अगदी नम्रपणे मला दारापर्यंत सोडलं.

परत आलो तेव्हा माझ्या वर्गात एकटी सोनल उभी होती. बाकीच्यांना तास संपला असं वाटलं होतं. तिने विचारलं, सर, मैं हट जाऊँ?

१ डिसेंबर, सोमवार

त्या दिवशीचा कोणीतरी रील केला आहे. 'भटकते हुए सर'. खाली म्यूझिक. चाळीस हजार व्ह्यूज. इथून तिथून फोन येत आहेत. नागपूरहून धाकट्या भावाचा आला. आधी खूप वेळ हसला, मग दादा, तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

चाळीस हजार लोकांनी प्रमाण विचलन पाहिलं. आमच्या विषयाला याआधी एवढी प्रसिद्धी मिळाली नसेल. क्षितिजा मॅडमनी तो रील त्यांच्या वर्गात 'कंटेंट व्हायरल कसा होतो' याच्या उदाहरणादाखल दाखवला म्हणे. मुद्दाम येऊन परवानगी मागितली, मी उदार मनाने दिली. स्पर्धकाचा विषयसुद्धा माझ्यावाचून शिकवता येत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

दोन्ही सेक्शन एकत्र बसवून आवाहन केलं. भाग दोनमध्ये काय काय आहे ते सांगितलं. सहसंबंध, समाश्रयण, संभाव्यता. संभाव्यतेपाशी जरा जास्तच रेंगाळलो. हा भाग मी एम.ए.ला असताना सागर विद्यापीठात पहिल्यांदा शिकलो. हॉस्टेलवर जाऊन पुन्हा पुन्हा वाचला होता. उद्या काय होईल हे कोणालाच माहीत नसतं, तरी त्याबद्दल काहीतरी शहाणपणाचं बोलता येतं, हे तेव्हा फार सुंदर वाटलं होतं. अजूनही वाटतं. हे मुलांना सांगितलं. हिंदीत सांगताना थोडं अडखळलो.

मग विचारलं, कौन-कौन ले रहा है? हाथ ऊपर.

एकही हात वर झाला नाही. मुलं आमची लाजरी. सोनल तेवढी खाली मान घालून पेनाचं टोपण उघडझाक करत होती.

१० डिसेंबर, बुधवार

ॲडमिशन सेलमधून तिवारी सर भेटायला आले. माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवली आहे म्हणाले. फोनवर काय बोलायचं तो कागदही बरोबर आणला होता. हॅलो बेटा, मैं फलाने कॉलेज से बोल रहा हूँ. मी म्हटलं, सर, अजून काही ठरलेलं नाही. ते म्हणाले, हो हो, माझंही ठरलेलं नव्हतं.

आज जेवण गेलं नाही. मंगलाने शेरा मारला नाही, नुसतं ताक आणून दिलं. तेच जास्त लागलं. मला भीती वाटते आहे, हे इथे लिहायला हरकत नाही. मला फोन करायचे नाहीत. मला शिकवायचं आहे.

उद्या मात्र सकारात्मक राहायचं.

१५ डिसेंबर, सोमवार

एकतीस!!

सांख्यिकी भाग दोन: एकतीस विद्यार्थी! नोटिस बोर्डवर लागलं आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, मोबाइलवर फोटो काढला, परत जाऊन पुन्हा पाहिलं. जलेबी, व्हिडिओ, रोल प्ले, आवाहन, सगळं कामाला आलं. मुलं तोंडाने बोलत नव्हती, पण मनात साठवत होती. मला ठाऊकच होतं.

येताना श्रीखंड घेतलं. मंगला खरोखर खूश झाली. म्हणाली, अहो, मला वाटलं नव्हतं हो. मी म्हटलं, तुझा सांख्यिकीचा अभ्यास नाही. ट्रेनरलाही इंदूरला मेसेज पाठवला. पुढच्या ट्रेनिंगमध्ये मला बोलायला बोलवा, असं सुचवलं. त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं आहे, म्हणजे होकारच.

१६ डिसेंबर, मंगळवार

एकतीस जणांची नावं घ्यायला ऑफिसात गेलो. श्रीवास्तव बाबूंना पेढा दिला. ते म्हणाले, सर, पेढ़ा किस बात का? मी म्हटलं, एकतीस जणांनी माझा विषय निवडला त्याबद्दल. त्यांनी पेढा तोंडात टाकला, चष्मा वर केला आणि फार आपुलकीने समजावून सांगितलं. सर, जिन्होंने डिजिटल मार्केटिंग भरा, वो उधर गए. और जिन्होंने लास्ट डेट तक कुछ भरा ही नहीं, पोर्टल ने उनको अपने आप सांख्यिकी में डाल दिया.

मी विचारलं, असे किती?

बाबूंनी माउस फिरवला. तीस, म्हणाले.

 मग पेढ्यांचा उरलेला बॉक्स त्यांच्याच टेबलावर ठेवला. घरी अजून सांगितलेलं नाही. फ्रिजमध्ये श्रीखंड आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

नीट विचार केला तर तीस जणांनी डिजिटल मार्केटिंग नाकारलं, असाही याचा अर्थ निघतो. काहीच न करून त्यांनी सांख्यिकी जवळ केली. आणि एकाने तर स्वतः पोर्टल उघडून, पासवर्ड आठवून, माझ्या नावासमोर टिक केली आहे. एक माणूस. कोण ते बाबूंना विचारायचं राहिलं. प्रतीक असणार, मध्यमानाची भूमिका त्याला मनापासून आवडली होती.

५ जानेवारी, सोमवार

भाग दोनचा पहिला तास. थंडी कडाक्याची. नवीन प्रयोग तयार होता: फासे, रंगीत गोट्या, संभाव्यतेचं चक्र. पिशवी जड झाली होती.

वर्गात सोनल रघुवंशी एकटी.

दहा मिनिटं वाट पाहिली. कोणी आलं नाही. मग विचारलंच की बेटा, तू स्वतः निवडलास का हा विषय. ती हो म्हणाली. का, विचारलं. वाटलं होतं जलेबी म्हणेल, रोल प्ले म्हणेल, निदान व्हिडिओ. तिने टोपण दोनदा उघडझाक केलं आणि म्हणाली, सर, उस दिन आपने पूछा था ना, किसी ने हाथ नहीं उठाया. आप बहुत देर तक खड़े रहे. मुझे बुरा लगा.

मी 'अच्छा' म्हणालो. 

मग खडू घेतला आणि फळ्यावर संभाव्यता पहिल्यापासून सुरू केली, सागरला माझ्या सरांनी केली होती तशी. ती लिहून घेत होती. मध्येच तिने एक शंका विचारली, चांगली होती. घंटा झाली ते दोघांनाही कळलं नाही. तास बरा झाला, असं वाटतं. तिला आवडला का, हे विचारलं नाही. एकावरून निष्कर्ष काढत नाहीत.