भेगेवरची काच

सर्वेअरसाहेब, नमस्कार.

हे पाठवणार नाही, तरी लिहिते.

खाणीमुळे आमचं घर खचतंय का, हे कळावं म्हणून तुम्ही भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवलीत, तिच्यावर तारीख घातलीत. काच तडकली तर घर सोडायचं. दर मंगळवारी पाहून म्हणता, "ताई, गल्लीत तुमचीच भिंत ठणठणीत."

ही चौथी काच आहे. तारीख मीच गिरवते.

घर सोडायचं म्हटलं की आई म्हणते, "ह्यांना एकटं टाकून?" खाणीत आग लागली तेव्हा बाबा आत असतानाच तिथला बोगदा बुजवला होता. तो आमच्या स्वयंपाकघराखाली येतो.

काच बदलल्याचं आईला ठाऊक नाही, असं मी समजत होते. काल चिकटवताना ती मागून म्हणाली, "जरा डावीकडे घे. साहेबांनी तिथे लावली होती."

आपली,
कोपऱ्यातल्या घरातली ताई