फुईचे दहा किलो

४ जून १९६६, शनिवार. सकाळी ७.१०
आजपासून नोंदी. फक्त माझ्यासाठी.
फुई, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, माझ्याकडे राहते. तिचा डावा खुबा झिजला आहे. मुंबईचे सर्जन तो काढून धातूचा बसवणार. २० सप्टेंबरला खाट राखली आहे. अट एकच: वजन ८६ किलोवरून ७६.
चालताना खुब्यावर वजनाच्या तिप्पट भार येतो. जड शरीरात नवा सांधा लवकर सैल होतो, जखम चिघळण्याची भीतीही जास्त. दहा किलो उतरले की सांध्यावरचे तीस उतरतील. हे मी फुईला दोनदा समजावलं. ती म्हणे, "तीस? तितली तं मी लगीनमा व्हती!"
पंधरा आठवडे. आठवड्याला ०.६७ किलो. मी प्रयोगशाळेची तंत्रज्ञ आहे. यात चुकण्यासारखं काही नाही.

त्याच दिवशी. सायंकाळी ६.३०
हॉस्पिटलातला माणसांचा काटा साठवर अडकतो. माझा प्रयोगशाळेतला मिलिग्रॅम दाखवतो. त्यावर फुईची नथ बसेल, फुई नाही. म्हणून धान्याच्या आडतीवर गेलो. तिथे नथ्थू तोलतो. तो वजन मोठ्याने पुकारतो, समोरच्याने लिहून घ्यायचं, अशी रीत.
फुईला फळीवर बसवल्यावर त्याने विचारलं, कडता धरायचा का. कडता म्हणजे पोत्याचं वगैरे वजन वजा करणं. फुईच्या अंगावर लुगडं आणि चांदीचे वाळे, तेव्हा प्रश्न योग्य होता. मी म्हटलं, नेहमीच्या नियमाने धरा. निव्वळ ८६. मुंबईशी तंतोतंत. न शिकलेल्या माणसात अशी शिस्त क्वचितच दिसते.

१८ जून
८५. आहार: दादर ज्वारीची दीड भाकरी, उकडलेला दुधी, मीठ कमी. फुई म्हणे, असं जेवण तर बैलालाही कोणी घालत नाही. नोंद घेतली नाही.

१६ जुलै
८२.५. आलेख भिंतीवर लावला. फुई तो मोठ्या कौतुकाने बघते.
स्वयंपाकाच्या रंजनाबाईचं म्हणणं, फुईच्या चोळ्या उसवून सैल कराव्या लागल्या. दमट हवेत कापड आटतं, हे तिला सांगितलं. ती हसली. कारण कळलं नाही.

६ ऑगस्ट
८०. ठरल्यापेक्षा पुढे आहोत. फुईचं दुखणं मात्र वाढलं आहे, न्हाणीपर्यंत जायलाही भिंत धरते. वेदना मोजता येत नाही, त्यामुळे आलेखात नाही.

२० ऑगस्ट
फुईच्या उशाखाली डबा. आत पांढरी पूड. फुई म्हणे, औषध शे, प्रकाशाहून जमनाबाईने धाडलं. जमनाबाई तिची नणंद, तापीकाठच्या प्रकाशा गावची. नमुना प्रयोगशाळेत नेला. आधी आम्लात उकळला, मग तपासला. नारिंगी रंग. साखर. म्हणजे दराबा, रवा-तूप-साखरेची मिठाई.
परंतु याच आठवड्यात वजन एक किलो उतरलं. अर्थात दराब्याचं प्रमाण नगण्य असणार.

१७ सप्टेंबर
७६.०. नथ्थूने आकडा पुकारला तेव्हा फुईने त्याला हात जोडले. मला नाही.

२० सप्टेंबर, मुंबई
८९.
त्यांचा काटा तपासायला सांगितलं. स्वतः चढून पाहिलं: ४९, बरोबर. फुईला पुन्हा चढवलं. ८९.
सर्जन चिडले नाहीत, हे जास्त अपमानकारक होतं. त्यांनी मला बाजूला ठेवून फुईलाच विचारलं. ती शांतपणे म्हणे, "पोरना कागद खाले उतरी ऱ्हायना व्हता. मी म्हन्तं, खाईसन बी उतरस, मंग उपाशी कसाले मरू?"
सर्जन म्हणाले, ऐंशीलाही केलं असतं. शहात्तर कोणी सांगितलं? मी फुईच्या उंचीवरून काढलं होतं. बरोबर काढलं होतं.
खाट दुसऱ्या बाईला गेली. आता जानेवारी. तोवर ती चालू शकेल की नाही, हे विचारायचं राहिलं.

२४ सप्टेंबर
आडतीवर गेले. नथ्थूला लाज नाही. जूनमध्ये कडता दोन किलो, मग दर खेपेला वाढवत पंधरापर्यंत. का? "ओल वाढनी का कडता वाढस, ताई. नियम शे. तुम्हीच सांगं ना, नेहमीना नियम?" शिवाय आकडा खाली आला की फुईचं तोंड असं फुलायचं, की थोडा जास्तच धरला.
म्हणजे सबंध पावसाळा माझ्या पाठीमागे दया चालू होती.

१ ऑक्टोबर
फुई प्रकाशाला गेली, जमनाबाईकडे. म्हणे, वजन तिकडेच उतरवीन. तिकडे माणूस तोलायचा काटा नाही, आलेख नाही. सगळंच अशास्त्रीय. चौदा पानी आहारतक्ता दिला होता, तो खाटेवर ठेवून गेली. पोस्टाने पाठवला.

१९ नोव्हेंबर
तिसरं कार्ड टाकलं. उत्तर नाही. वजन उतरत नसणार. नाहीतर कळवलं असतं.

२१ जानेवारी १९६७. सकाळी १०.४०
नथ्थू रक्त तपासायला आला. स्टुलावर बसता बसता म्हणाला, फुईंचं छान झालं. मी विचारलं, काय?
ऑपरेशन नऊ तारखेला मुंबईला झालं. वजन ७९ भरलं. आता चालायची चौकट धरून वॉर्डाच्या दाराशी येते. तो धान्य आणायला प्रकाशाला गेला होता तेव्हा जमनाबाईच्या घरच्यांनी सांगितलं. तिथे दोघी एकाच ताटात जेवायच्या, म्हणून निम्मंच पोटात जायचं. माझी रंजनाबाईही मुंबईला जाऊन भेटून आली. माझ्याकडून चार दिवसांची रजा घेतली होती ती भाचीच्या लग्नासाठी.
नथ्थू म्हणे, "तुमले कोनीच सांगं नही का, ताई?"
मी म्हटलं, सांगितलं होतं. आणि त्याचं बोट टोचलं. रक्त पुरेसं आलं. तरी खात्रीसाठी दुसरं बोटही टोचलं.