माझ्या लेकीचा आवाज आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय आधी नटी, मग दिग्दर्शिका, सध्या निवृत्त आणि चिडखोर, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे यजमान हयात असते तर त्यांनी तो काच लावून भिंतीवर टांगला असता.

वकिलांनी मला एक छापील नमुना दिला होता. नुसत्या गाळलेल्या जागा भरायच्या. मी म्हटलं, अहो, उभा जन्म दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोलले, शेवटची तरी माझी असू द्या. ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात गोष्ट सांगायची नसते. कोणाला काय, एवढंच लिहायचं." बरं, कोणाला काय तेच लिहिते. पण का, ते लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकणार नाही.

याआधी दोनदा केलेली माझी मृत्युपत्रं मी रद्द करते. त्या दोन्हींत एक कलम लिहायचं राहून गेलं होतं. राहून गेलं कसलं, मी मुद्दाम टाळलं होतं. माझ्या मुलीशी मी एकदा खोटं बोलले आणि ते निस्तरलं नाही, त्याबद्दलचं ते कलम आहे. या वेळी ते लिहायचंच, असं ठरवून बसले आहे.

कलम पहिले. शिंप्याच्या दुकानावरचं माझं तीन खोल्यांचं राहतं घर मुलीला द्यावं. हे घर घेतलं तेव्हा आमचे ध्वनिमुद्रक बघायला आले होते. सिनेमातली सगळी माणसं त्यांना कानसेन म्हणतात. त्यांनी प्रत्येक खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पुढची खोली बोलायला चांगली. मागची भांडायला." आम्ही नवरा-बायकोने ते तंतोतंत पाळलं. खाली शिवणयंत्रांची घरघर दिवसभर चालते. ती बंद पडली की मला चुकल्यासारखं होतं. शिंप्याशी कोणी वाद घालू नये.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते नातीच्या शिक्षणासाठी. आकडा वकिलांना माहीत आहे. तो इथे लिहून माझी शोभा करून घेत नाही.

कलम तिसरे. माझा टाइपरायटर धाकट्या भावाला. त्याच्याच थापांवर माझं करिअर उभं आहे. मी टायपिंगच्या क्लासला जाते असं तो घरी सांगायचा आणि मी स्टुडिओच्या फाटकाशी उभी असायची. गंमत म्हणजे क्लासला मी खरंच जात होते, म्हणूनच आत शिरले. त्यांना ऑफिसच्या प्रसंगात मागे बसून खरोखर टाइप करणारी मुलगी हवी होती. तीन दिवस मी नायिकेच्या पाठीमागे बसून खटखट केली. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक ओरडले, "ए टायपिस्ट! तुझे ओठ का हलतायत?" माझी तर पाचावर धारण बसली. नायिकेची वाक्यं मला पाठ झाली होती, तिच्याबरोबर मीही मनात बोलत होते. दिग्दर्शक म्हणाले, "मोठ्याने बोल बघू." मी बोलले. पुढच्या सिनेमात नायिका मी होते.

हे हलणारे ओठ लक्षात ठेवा. पुढे त्यांचंच काम आहे.

कलम चौथे. माळ्यावरचा लाकडी खोका नायकसाहेबांना पोचता करावा. ज्यांच्याबरोबर मी नऊ सिनेमे केले, ते हे नायकसाहेब. ते माझ्यापेक्षा चार बोटं बुटके. प्रेमाच्या प्रत्येक प्रसंगात ते या खोक्यावर उभे असायचे आणि मला सपाट चपला घालाव्या लागायच्या. अलीकडे ते मुलाखतीत सांगतात की अभिनय मला त्यांनी शिकवला. सांगू देत बापडे. खोका भर दिवसा, पुढच्या दाराने, उघडा न्यावा. कागदात गुंडाळू नये.

राग मात्र माझा त्यांच्यावर नाही, त्या निर्मात्यांवर आहे. मी चाळिशीला आले तेव्हा याच नायकसाहेबांची आई व्हायला त्यांनी मला बोलावलं. "बाई, भूमिका वजनदार आहे," म्हणे! नायकसाहेब माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठले. जिना उतरताना ठरवलं की आता आपला सिनेमा आपणच करायचा. घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते शाळेत गणित शिकवायचे. हातातली वही मिटून म्हणाले, "जमेल तुला. सगळ्यांची वाक्यं तशीही तुला पाठच असतात." असा नवरा मिळायला भाग्य लागतं. आज ते हवे होते. फार हवे होते.

कलम पाचवे. माझे सगळे कपडे आमच्या कपडेपटाच्या ताईंना. त्यांनी वाटेल ते करावं. फक्त निळा कोट जपावा. त्याच्या खिशाच्या शिवणीत अजून लिंबाच्या गोळ्यांची साखर अडकलेली असेल. का, ते पुढच्या कलमात येतंय.

कलम सहावे. कपाटाच्या खालच्या खणात, लोकरी शालीखाली, पत्र्याचा एक गोल डबा आहे. त्यात ध्वनिफितीचं रीळ आहे. वर कानसेनांच्या अक्षरात "वापरू नये" असं लिहिलंय. हा डबा मी माझ्या मुलीला देते. आधीची पाचही कलमं मी इथवर यायला वेळ लागावा म्हणूनच लांबवली, हेही कबूल करते.

मी दिग्दर्शिका झाले तरी सवय जाईना. कॅमेऱ्याशेजारी बसलं की समोरच्या नटाबरोबर माझे ओठ हलायचे. नुसते हलले असते तर ठीक. पण प्रसंग रंगला की माझ्या तोंडून कुजबूज बाहेर पडायची आणि फितीवर उमटायची. पहिल्याच आठवड्यात कानसेन कानावरचं यंत्र काढून माझ्यासमोर आले. "बाई, त्या माणसाच्या वाक्याखाली कोण बोलतंय?" मी म्हटलं, "कोण?" ते म्हणाले, "तुम्ही!" मग त्यांनीच उपाय काढला. प्रत्येक शॉटआधी ते माझ्या हातावर लिंबाची एक कडक गोळी ठेवायचे. गोळी तोंडात असली की जीभ गुंतते आणि ओठ मिटलेले राहतात. सगळ्या युनिटला हे माहीत होतं. "गोळी?" असं कानसेन विचारायचे, मी गालातली गोळी दाखवायची आणि मगच कॅमेरा सुरू व्हायचा.

त्या पहिल्या सिनेमात मुलीचं काम माझ्याच मुलीने केलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. शेवटचा प्रसंग बसथांब्यावरचा होता. बाप दूरगावी निघालाय आणि मुलगी त्याला म्हणते, "परत येईन असं नका सांगू. कधी येणार ते सांगा." एवढंच वाक्य. बस एका दिवसापुरती मिळालेली, ऊन उतरायला लागलेलं, आणि पोर भेदरून थरथरत होती. मी तिला जवळ घेतलं आणि माझ्या वाटची गोळी तिच्या तोंडात घातली. "चोख, बरं वाटेल," म्हटलं. तिने ती संपवली, डोळे पुसले आणि जागेवर जाऊन उभी राहिली. त्या घाईत कानसेनांनी "गोळी?" विचारलं आणि मी नुसतीच होकाराची मान डोलावली.

काय बोलली हो ती! मोठमोठ्या नटांबरोबर काम केलंय मी, पण तसं वाक्य कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. बापाचं काम करणारा नट पुढचं वाक्य विसरून रडायला लागला. आणि मी? मी तिच्याबरोबर बोलत होते. शब्द न् शब्द. कानसेनांनी फीत ऐकवली तेव्हा तिच्या आवाजाखाली माझी कुजबूज अशी बसली होती की काढू म्हटलं तर तिचा आवाजही निघून आला असता. दुसरा शॉट घ्यायला ऊन उरलं नव्हतं.

चित्र ठेवलं आणि आवाज नव्याने भरायचा ठरवला. मुलीला स्टुडिओत नेलं. माइकसमोर ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलली, पण बसथांब्यावरचं रडू गळ्यात परत येईना. येईल कसं? शेवटी कंटाळून तिने विचारलं, "आई, आधीचं का नाही चालत?"

खोलीत या सिनेमाला पैसे लावणारे निर्माते उभे होते. नटीला दिग्दर्शन जमतं का, हे बघायला ते रोज येऊन बसायचे. माझ्या कुजबुजीमुळे शॉट वाया गेला असं म्हटलं असतं तर हसं झालं असतं, कदाचित सिनेमाही हातातून गेला असता. मी माझ्या पोरीकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "तुझा आवाज बारीक आहे गं. पडद्यावर पोचत नाही."

कानसेनांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मग मीच माइकसमोर उभी राहिले आणि लहान मुलीचा आवाज काढून ते वाक्य बोलले. लोकांना फार आवडलं. बालकलाकाराचं बक्षीस मुलीला मिळालं. ते घ्यायला ती मंचावर गेली. दोन शब्द बोल म्हणाले तर तिने नकाराची मान हलवली आणि खाली उतरली. त्यानंतर तिने सिनेमात काम केलं नाही. वर्गात उभं राहून धडा वाचला नाही. आज ती इमारतींचे नकाशे काढते, फार सुरेख काढते, आणि ऑफिसच्या बैठकीत तिचं म्हणणं दुसराच कोणी मांडतो.

कानसेन मला म्हणाले होते, "पोरीला खरं सांगा." मी म्हटलं, "तुम्ही आवाजाचं बघा, घरचं मी बघते." पुढच्या सिनेमाला ते आले नाहीत. मी नंतर सात सिनेमे केले, गोळीशिवाय आणि त्यांच्याशिवाय. एकालाही त्या बसथांब्याची सर नव्हती.

हे सगळं मी मूग गिळून बरोबर नेलं असतं. पण मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी नात चित्रांचं पुस्तक घेऊन आईकडे गेली आणि "वाच ना" म्हणाली. मी आतल्या खोलीत पडले होते. माझी मुलगी तिला म्हणाली, "बाबांकडे जा, राणी. आईचा आवाज बारीक आहे गं. पोचत नाही." किती सहज म्हणाली! तेहतीस वर्षांपूर्वीचं माझं वाक्य जसंच्या तसं. मी उशीत तोंड खुपसून रडले.

म्हणून लिहून देते की माझ्या मुलीच्या आवाजात काहीही खोट नव्हती. खोट माझ्यात होती. त्या सिनेमाचे सगळे हक्क मी पुढे निर्मात्यांकडून विकत घेतले, ते तिला देते. जुने चित्रपट जतन करणारी एक संस्था त्याची नवी प्रत काढायची म्हणते आहे. त्यात शेवटच्या प्रसंगाला माझा आवाज ठेवायचा की डब्यातला तिचा, माझ्या कुजबुजीसकट, हे तिनेच ठरवावं. मला काय वाटतं ते मी लिहिणार नाही. तेवढी अक्कल आता आली आहे.

कलम सातवे. कानसेन या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत. वकील म्हणतात, साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून देत नाही, फक्त माफी मागते. त्याला कायद्याची आडकाठी नसावी.

कलम आठवे, सह्यांच्या आधी आयत्या वेळी वाढवलेलं. आज कानसेन आले आणि चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही गेल्यावर पोरीला हे कळणार. मग ती भांडणार कोणाशी? या कागदाशी?" मी म्हटलं, "समोरासमोर सांगायला माझी जीभ उचलत नाही हो." ते म्हणाले, "तुम्ही कशाला सांगताय? तिला वाचू द्या. तुम्ही नुसतं ऐका."

तेव्हा मी असं ठरवते की हे मृत्युपत्र येत्या रविवारी, मी जिवंत असताना, माझ्या घरी, पुढच्या खोलीत वाचलं जावं. वकिलांनी कपाळावर हात मारला आहे, त्याची नोंद घ्यावी. मुलीला मी फोन केला, "रविवारी ये," म्हटलं. "किती वाजता ते सांग," म्हणाली. नातीला समोर बसवावं. वाचन माझ्या मुलीनेच करावं, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून. दुसऱ्या कोणाचा आवाज चालणार नाही.

बाळा, वाचत वाचत तू इथवर आली असशील. अडखळली असशील तर अडखळू दे, रागाने थांबली असशील तर थांब, घाई नाही. भांडायचं असेल तर मागची खोली झाडून ठेवली आहे. पण आधी एकदा मान वर करून माझ्याकडे बघ. कानसेनांनी मघाशीच विचारून घेतलंय. माझ्या तोंडात गोळी आहे.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिला: ध्वनिमुद्रक, निवृत्त, कान अजून शाबूत (सही)
साक्षीदार दुसरा: खालच्या दुकानाचा शिंपी, सहीपुरतं यंत्र थांबवून (सही)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: गुरुवार, १४ मार्च २०१९, सकाळी