साडूची फ्रेम

३ सप्टेंबर
साडूने वाळवलेल्या रानफुलांची फ्रेम आमच्या सोफ्याच्या वर लागली. माझ्या भिंतीवर, माझ्याच ड्रिलने! बायकोचं सकाळपासून एकच पालुपद: भाऊजींच्या हातात काय कला आहे! कला कसली डोंबलाची? गवत चिकटवलंय. मला जळफळाट वगैरे अजिबात झालेला नाही. फक्त चहा गोड लागला नाही.
निश्चय: याहून सरस फ्रेम करायची आणि तिथेच लावायची.

४ सप्टेंबर, पहाटे
कारखान्यामागच्या माळावर गेलो. फुलं दवाने चिंब. एकदम ताजा माल! पिशवीभर तोडली, तशीच शब्दकोशात दाबली, वर मिक्सर ठेवला. साडूला सुचलं असतं का?

५ सप्टेंबर
बायकोने मिक्सर काढून नेला. या घरात कलेची कदर नाही.

११ सप्टेंबर
शब्दकोशाला बुरशी. हल्ली कागदच धड मिळत नाही.

१२ सप्टेंबर
उरलेल्या फुलांना इस्त्री केली. तपकिरी झाली. भारदस्त दिसतात. ऑफिसच्या शर्टावर डाग पडला. बायको साडूच्या फ्रेमकडे बघत बसली. माझ्या कुठल्याच कामाकडे ती इतका वेळ बघत नाही. लागलं मनाला.

१५ सप्टेंबर, दुपारी
बायको बाहेर. साडूची युक्ती कळावी, केवळ अभ्यास म्हणून, फ्रेम मागून उघडली. नेमकी शिंक आली. साडूच्या फुलांचा चुरा झाला, तो केरात. माझी फुलं त्याच जागी चिकटवली. लांबून, डोळे बारीक केले तर फरक कळत नाही.

१६ सप्टेंबर
बायको हळहळली, भाऊजींची फुलं काळी पडली म्हणून. मीही हळहळलो. म्हटलं, हौशी माणसाचं काम, असं व्हायचंच. दोन घास जास्त गेले.

२० सप्टेंबर, रविवार
साडू आला. फ्रेम उलटीपालटी करून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग बायकोची माफी मागितली, चूक आपलीच म्हणाला. सोबत नवी फ्रेम आणली होती, जुनीच्या दुप्पट. भिंतीला आणखी एक भोक लागलं. तेही मीच पाडलं.
निघताना जिन्यात खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, फुलं दव वाळल्यावर तोडा, कागद रोज बदला. आणि पुढच्या वेळी घरी या, दोघं मिळून करू.
बायकोजवळ त्याने अवाक्षरही काढलं नाही. माणूस चांगला निघाला. मेल्याने जळायलाही जागा ठेवली नाही.