एकच नटी

घरधनी यांच्या पायांवर हौसाचा माथा.

ब्रह्मदेशाच्या लढाईत तुमी बेपत्ता झाल्याची तार आली, त्यावर पुढं कायच न्हाई. मग हा कागद धाडू कुठं?

तासगावात तंबूतला शिणेमा आलाय. तुमच्या आईनं, आत्याबाईंनी, मला नेलं. त्यात एक बाई लढाईवर गेलेल्या नवऱ्याची दारात वाट बघत हुती. दिवा लागला, रीळ बदललं. आता तीच बाई दुसऱ्याच गड्यासंगं झोपाळ्यावर हसत हुती. शेवटाला म्हातारी हून म्हाताऱ्याला भाकरी वाढत हुती.

"बघ, हिनं पाट लावला, दुसरा नवरा केला आन् सुखी झाली," आत्याबाई म्हणाल्या. "तूबी माझ्या धाकट्या लेकासंगं लाव."

मी मान हलवली. पाटाचं लुगडं आलं.

आज माझा भाऊ कराडास्नं आला. त्यानंबी तो शिणेमा बघितलाय. म्हणाला, "आक्का, त्या तीन येगळ्या गोष्टी. बायाबी येगळ्या. नटी तेवढी एकच."

"मग पयल्या बाईचा नवरा आला का?"

"न्हाई. ती दारातच ऱ्हाती."

दळण उरलं हुतं, ते दळलं. पाट उद्या हाय.

तुमची,
दारातली हौसा